रिकाम्या गुरुवारचं जहाज

मासे उतरायला उशीर झाला की देवबागच्या किनाऱ्यावर आम्ही बचत गटाच्या अकराजणी गप्पा मारत बसतो. विषय कुठूनही निघो, घाटावरच्या थीम पार्कच्या सहलीपाशी येतोच. सहल एका दिवसाची, पण किस्से अजून संपत नाहीत.

हट्ट जनाकाकीचा. काकी आमच्यात सगळ्यात मोठी, चाळीस वर्षं मासे विकते. घरची होडी, पण स्वतः कधी समुद्रात गेली नाही. माझ्या मोबाईलवर तिने पार्कमधलं झुलणारं जहाज पाहिलं आणि म्हणाली, "माका ह्याच्यात बसूचा आसा." फक्त रांगेत उभं राहायला तिचे गुडघे तयार नव्हते.

*

दिवस ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा होमस्टे आहे, म्हणजे मला इंटरनेट कळतं असा सगळ्यांचा समज. कुठल्या वारी किती गर्दी, ते मोबाईलवर उंच-बुटक्या दांड्यांनी दाखवतात. मंगळवारी दांडीच नव्हती. मी ऐटीत मंगळवार जाहीर केला, आमच्यातल्या शेवंतीने गाडीसुद्धा ठरवली.

काकीला पटेना. "एकव माणूस नाय? मगे ता उघडा तरी आसता काय?"

फोन लावला. मंगळवारी पार्क बंद असतं.

*

मग काकीने कारभार हातात घेतला. माझ्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याच्या ओळखीने पार्कच्या गेटबाहेर कणसं विकणाऱ्याचा नंबर मिळवला. गर्दीचं नावच काढलं नाही. विचारलं, "तुझो माल खंयच्या वारी उरता?"

तो बिचारा दहा मिनिटं गुरुवारच्या नावाने रडला. काकीने त्याची समजूत घातली, फोन ठेवला आणि गुरुवार पक्का केला. गुरुवारी आमच्याकडेही बरेच जण मासे खात नाहीत, त्यामुळे धंदाही बुडणार नव्हता.

*

फोंडाघाट चढून पोचलो तर पार्क खरंच ओस. लाटांच्या तलावात शेवंती उतरली आणि जीवरक्षक रबरी टायर घेऊन तिच्यामागे धावला. खाडी पोहून पार करणारी बाई ती! पण तिने मुकाट्याने टायर घातला आणि दुपारपर्यंत काढला नाही. तिला तो आवडला होता.

*

जहाजापाशी रांग नव्हती. पण चालवणारा म्हणाला, वीसच्या वीस जागा भरल्याशिवाय सुरू करता येत नाही. आम्ही अकरा.

काकीने पदर खोचला आणि बाजारातल्या आवाजात हाक दिली, "येवा रे, येवा. जहाज सुटता!" आईस्क्रीम खाणारे, फोटो काढणारे, सगळे धावत आले. बघता बघता वीस जागा भरल्या आणि हाका मारणारी काकी खालीच राहिली.

चालवणारा म्हणाला, पुढच्या फेरीला बसा. मी उठू लागले, तर तिने डोळ्यांनीच मला खाली बसवलं. टोकाच्या जागेवर एक धिप्पाड तरुण बसला होता. काकी त्याच्यापाशी गेली, वाकून अगदी मायेने काहीतरी बोलली. त्याने जहाज झुलत किती वर जातं ते मान वर करून पाहिलं आणि गुपचूप उतरून गेला.

काकी त्याच्या जागेवर बसली. मी विचारलं, "काय सांगितलंस गो तेका?"

"काय नाय. मी इतक्याच इचारलंय, सकाळी काय काय खाल्लंस?"