तायडेभाऊंचा हिरवा पट्टा

"मॅडम, चपला काढा."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तायडेभाऊंनी मला मेथीच्या वाफ्याच्या कडेला थांबवून हे सांगितलं. मी पुण्याहून आलेली, नगररचनेच्या कार्यालयात नवी रचना सहायक. ते तिथले जुने आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. हुद्द्याने माझ्या हाताखालचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी घोटाळले. त्यांनी तोवर आपले बूट बांधावर नीट जोडीने ठेवले होते. "या जमिनीवर आपण रंग देऊन राह्यलो. तिचा गारवा पायाले तं समजू द्या."

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा आमच्या टेबलावर होता. गाव पुढे कुठे वाढायचं, ते आम्ही ठरवायचं. घरांना पिवळा रंग, शेतीला हिरवा. संगणकावर हे काम बसल्या जागी होतं. तायडेभाऊ मात्र गट नंबर पायाखालून गेल्याशिवाय त्यात रंग भरत नसत. शेतात गेले की विहिरीचं पाणी पिऊन बघायचे आणि म्हातारं माणूस गाठून विचारायचे, "बाबा, पूर आला तं पाणी कोठंवर येते?" उत्तर वहीत उतरवायचे. "कागदावर पाणी दिसत नाई, मॅडम," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

गावाच्या पूर्वेला नाल्याच्या काठाने भाजीपाल्याची शेतं होती. वांगी, मेथी आणि सांभार. कोथिंबिरीला तिकडे सांभार म्हणतात हे मला तिथेच कळलं. हाच आराखड्यातला हिरवा पट्टा. तो पिवळा करावा, तिथे घरं होऊ द्यावीत, अशी मागणी आली आणि सुनावणी लागली.

मागणी खोटी नव्हती. नाल्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती होती, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. तायडेभाऊ त्याच वस्तीत वाढलेले. त्यांची धाकटी बहीण कौसल्या दोन मुलं, दोन सुना आणि नातवंडं घेऊन तिथेच राहत होती. सुनावणीत ती उठून उभी राहिली. सुनावणी घेणाऱ्या आमच्या साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही, थेट भावाला म्हणाली, "दादा, तुले हिरवं पाह्यजे. मले छप्पर पाह्यजे. माही सून न्हाणीसाठी शेजारणीच्या घरी जाते. आता सांग, कोनाचं खरं?"

तायडेभाऊ मान खाली घालून म्हणाले, "तुहंच खरं हाये, कवसे. पण जागा ती नाई."

मग जागा कोणती, हे शोधायला आम्ही तीन दिवस उन्हात फिरलो. पश्चिमेला सरकारी बरड होतं. मुरमाड चढ, गवतही धड उगवत नव्हतं; पण रस्ता जवळ होता आणि पाण्याची टाकी त्याहून जवळ. तायडेभाऊंनी तिथे पिवळा रंग भरला आणि सोबत दोन पानांची टीप लिहिली. पूर्वेच्या शेतांत नाल्याचं पाणी पसरतं आणि मुरतं. तिथे भराव आणि भिंती आल्या, तर तेच पाणी उलटून वरच्या वस्तीत शिरेल. घरं बरडावर द्यावीत, आणि ती आधी वस्तीतल्या लोकांना द्यावीत.

आमच्या साहेबांनी टीप वाचली. "बरडावर प्लॉट कोण घेणार? पूर्वेचा पट्टा पिवळा करा. आणि ही पानं फाईलला राहिली तर फाईल वरून परत येईल. काय करायचं ते बघा."

मी बघितलं. फाईलची नाडी सोडली, दोन पानं काढली, पुन्हा नाडी बांधली. कोणी माझा हात धरून ते करवलं नव्हतं. मी नवी होते, हे आजवर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

सुधारित नकाशा तायडेभाऊंनीच केला. हिरव्यावर पिवळा चढवताना ते एक शब्द बोलले नाहीत. दुपारचा डबा मात्र न उघडताच घरी नेला.

पट्ट्यावर ले-आउट पडले. कमान आली, आवारभिंत आली, आत बंगले आले. घेणारे बहुतेक बाहेरचे. कित्येक प्लॉट नुसतेच कुंपण घालून पडून राहिले. वस्तीतल्या एकालाही तिथे जागा मिळाली नाही. भाजीवाले कोणी चौकीदार झाले, कोणी गवंड्याच्या हाताखाली गेले. तायडेभाऊ निवृत्त झाले. माझी अकोल्याला बदली झाली.

दोन वर्षांनी भर श्रावणात वस्तीत पाणी शिरल्याचं कळलं, तेव्हा मी गेले. तायडेभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बहिणीच्या खोलीतला गाळ फावड्याने बाहेर काढत होते. कौसल्याबाईंनी ओल्या ओट्यावर पोतं टाकून मला बसायला दिलं. मला बसवेना.

"भाऊ, तुमची टीप मी काढली होती फाईलमधून."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "मले माहीत हाये. नकाशा जोडाले फाईल माह्याच हातात आली होती. पानं नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती आत भांडी धूत होती. "काऊन बोललो नाई? तवा मनात आलं, लिहिलं तसं नाई झालं तं नसो. निदान कवसीले तिथं एखादा प्लॉट भेटन." आवाज खाली आला. "तुम्ही पानं काढली, मॅडम. मी तं डोळे मिटले. दोघायचं सारखंच."

मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते वस्तीतल्या लोकांचे बरडासाठीचे अर्ज लिहून देऊ लागले. रोज सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बसायचे. हिवाळ्यात तिथेच, एका बाईचा अर्ज लिहिता लिहिता, छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी त्यांच्या घरी बुद्धवंदनेला गेले तेव्हा कौसल्याबाई एवढंच म्हणाल्या, "अर्जायच्या यादीत त्यानं माहंच नाव शेवटी घातलं. म्हने, बहीण हाये म्हणून पह्यले नको."

अर्ज अजून मंजूर नाहीत. आणि आता नाल्याकाठी पुढे उरलेला हिरवा तुकडाही पिवळा करायची सूचना निघाली आहे. मागच्या सोमवारी मी रजा टाकून त्या गावी गेले. हरकती स्वीकारणारा कारकून ओळखीचा निघाला. माझा कागद वाचून तो खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, तुमची तं इथं जमीन नाई. वरून सरकारी नोकरी. कायले लफड्यात पडता?"

"घ्या नोंदवून."

त्याने रजिस्टर ओढलं. "हरकत घेणाऱ्याचं नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं.