झेंड्याला मारलेली बैलाची गाठ

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तिसऱ्या वर्षी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाचे सरपंच झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल काढून टाकला. सत्तेबद्दलचं त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं: हुकूम ज्याचा, चूक त्याची. ऐकून ऐकून मला त्याचा कंटाळा आला होता.

मग सव्वीस जानेवारी आली. ग्रामपंचायतीसमोर शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, सगळं गाव उभं. बाबांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना. पुन्हा ओढली, तर घडी आणखीच आवळली. चपराशी महिनाभरापूर्वीच हंगामी लागलेला. त्याआधी त्याची सारी उमर लोकांचे बैल सांभाळण्यात गेली होती. त्याने झेंड्याला दाव्याची गाठ मारली होती, जनावर जितकं ओढेल तितकी घट्ट बसणारी.

पोरं खिदळली. फौजी माणसाच्या हातून झेंडा अडकावा! लाजेने मला मान वर करवेना. बाबांनी झेंडा खाली घेतला, स्वतः बांधला, पुन्हा चढवून फडकवला आणि कडक सलामी दिली.

नंतरच्या सभेत उपसरपंच तावातावाने उठले. "सुभेदारसाहेब, याले आजच काढा. गावाची इज्जत गेली."

चपराशी दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच.

"त्याले गाठ शिकवली कोनं?" बाबांनी विचारलं. "झेंडा बांध, एवढंच मी सांगतलं. कसा बांधाचा ते नाई सांगतलं. चूक माही हाय. लिहा." ग्रामसेवकाला त्यांनी ते खरोखर लिहायला लावलं. "एक मेले, महाराष्ट्र दिनाले, हाच बांधन. अडकला त याच्यासंगं मीबी घरी जातो."

घरी मी भडकलेच. "एका गाठीपायी सरपंचकी काऊन डावावर लावली?"

"फौजेत जीव डावावर लावत होतो, बाई. हे त खुर्ची हाय."

मग रोज संध्याकाळी आमच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. झेंडा म्हणून माझी जुनी ओढणी. चपराशी बांधायचा, बाबा ओढायचे.

एक मेच्या सकाळी झेंडा वर चढवायच्या आधी मी हळूच खांबाकडे निघाले. बाबांनी जागेवरूनच अडवलं. "मांगं ये."

"एकदा गाठ पाहू द्या ना."

"शिकवलं न त्याले? मंग आता भरोसा ठेवाचं काम आपलं."

बाबांनी दोरी हातात घेतली. एकाच झटक्यात झेंडा उघडला आणि झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या डोक्यावर पडल्या. चपराशी सगळ्यांदेखत रडला.

बाबांच्या पदकांचा अभिमान मला लहानपणापासून होता. पण त्या सकाळी मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. दोरी धरण्याआधी त्यांनी तळहाताचा घाम दोनदा पुसला, आणि तरीही त्यांनी ती गाठ तपासली नव्हती.