ताडपत्रीचा कोपरा

डोंगरावर मुक्कामाला गेलो होतो, तेव्हा वाऱ्याने आमच्या ताडपत्रीच्या एका कोपऱ्याची कडी उखडली. ऑफिसातले मित्र हातात दोरी धरून नुसते उभे राहिले. मी एक गोल खडा कोपऱ्यात गुंडाळला आणि त्या बोचक्याच्या गळ्याशी दोरी आवळली. ताडपत्री ताठ झाली.

"छुपा रुस्तम निघालास की! कुठं शिकलास हे?" समीरने विचारलं.

"व्हिडिओत पाहिलं होतं," मी म्हणालो.

खरं तर हे मला आईनं शिकवलं. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. रस्ता पुढं सरकला की आमचं ताडपत्रीचं पालही पुढं सरकायचं. खडा बांधताना ती म्हणायची, "नीट आवळ रं, तुझी पुस्तकं भिजतील." स्वतःच्या अंथरुणाचं नाव तिनं कधी काढलं नाही. ती पुस्तकं कोरडी राहिली म्हणून आज मी हौसेनं ताडपत्रीखाली झोपायला येतो, आणि तिचं नाव मात्र चारचौघांत माझ्या तोंडून निघत नाही.

सकाळी दोरी सोडताना समीर वैतागला. "काय घट्ट गाठ मारलीस रे! तूच सोडव."

"आईची गाठ आहे," मी म्हणालो. पण तो लांब गेल्यावर.