कूलरच्या पायांखालची चप्पल

उन्हाळा लागला की मला शेजारच्या काकूंचे उपकार आठवतात. आमच्या लोखंडी कूलरनं खिडकीसुद्धा थरथरायची. वैतागून, आवाज दबावा म्हणून मी त्याच्या जाळ्यांत दुप्पट गवत कोंबलं, तर तो आणखीच घुमायला लागला.

काकू आल्या. "वारा कोंडून राहिला तू अन् म्हणतो, आवाज काहून येतो?" त्यांनी जास्तीचं गवत उपसलं आणि जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे कापून कूलरच्या पायांखाली सरकवले. घुमणं थांबलं, आणि आतल्या खोलीतून आईची हाक आली.

आई अंथरुणाला खिळलेली. उन्हाळ्यात ती बोलतच नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. धावत गेलो.

"आज ऐकू आलं व्हय?" ती म्हणाली. "दोन उन्हाळे झाले, हाका मारून राहिले."