मी न विचारलेला प्रश्न
बाजारात कुणी वाळलेली मोहफुलं घेऊन बसलं की त्या गोडसर वासानं मला चामोर्शीकडच्या एका खेड्यातलं आरोग्य उपकेंद्र आठवतं. नव्वदच्या दशकात मी तिथं नवीन नर्स होते. मोहाच्या दिवसांत एक सून पाण्याच्या निमित्तानं आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मले एवढ्यात दुसरं नको. पण सासूले सांगू नका." मी मोठ्या उत्साहानं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं. तीन आठवड्यांनी सासूच तिला घेऊन आली. सासूच्या खांद्यावरचं तीन महिन्यांचं लेकरू रडून दमलं होतं. "नजर लागली बाई, हिचं दूध आटून राह्यलं," सासू म्हणाली.  त्या गोळीनं दूध कमी होतं, हे मला शिकवलेलं होतं. बाळ अंगावर पितं का, एवढंच मी विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तर सगळा दोष नजरेवर गेला असता. तपासायचं म्हणून मी सुनेला एकटीला आत नेलं आणि सांगितलं, "नजर नाही, माझी चूक आहे. गोळी बंद कर, लेकराला घडीघडी पाज." तिनं बाहेर जाऊन सासूकडून लेकरू घेतलं आणि वाटेला लागली. पुढचे कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही. मग एका दुपारी ती एकटीच आली, बाळ पदराखाली चुटूचुटू पीत होतं. मी माफी मागणार, तोच ती म्हणाली, "दूध आलं बाई. आता दुसरं काय देता, थे सांगा." मी तिला तांबी, म्हणजे दुधाला धक्का न लावणारी कॉपर-टी, बसवली. पुढे नोकरीत बढत्या मिळाल्या, सत्कारही झाले. पण एवढा विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.