मधल्या वर्षांबद्दल मी खोटं बोलले

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. तरी विलायती गाण्यांची सगळ्यांत कमजोर वर्षं कोणती, या भांडणात मी वर्षभर पंच होते. त्या भांडणाचं वाटोळंही मीच केलं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नवरा गेल्यावर धंतोलीतल्या घरात मी एकटी उरले. मूलबाळ नव्हतं. तो एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. खाली दोन खोल्या आणि वर एक, एवढं घर त्याने बांधून ठेवलं होतं. माझं माहेर भिवापूरचं, त्यामुळे मिरचीची पारख होती. तिकडून मिरची आणायची, वाळवायची, देठं खुडायची, दळून आणून तिखट विकायचं, असं माझं चाललं होतं. माल खराब असला की मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, यंदाची नुसती लाल आहे, जोर नाही. म्हणून लोकांचा माझ्या शब्दावर विश्वास होता. पण विश्वास होता म्हणजे लोक तिखट घ्यायचे आणि जायचे. बसायला कोणी येत नव्हतं. तोंडावर बोलणाऱ्या बाईकडे बसून कोणाला काय मिळणार? कधी कधी दोन-तीन दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि मग गिऱ्हाईक आलं की आधी घसा खाकरून घ्यावा लागायचा.

वरची खोली मी एका बँकवाल्या मुलाला दिली. पुण्याकडचा, तिशीच्या आतला, लग्न न झालेला. होळीच्या सुमारास आला तेव्हा सामानात एक वळकटी, एक रेकॉर्ड प्लेअर आणि दोन खोके भरून रेकॉर्डी. दर रविवारी खाप्याहून पहिल्या एस.टी.ने त्याचा एक मित्र यायचा. तो तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचा. येताना कन्हानच्या काठची वांगी आणायचा, ती माझ्या ओट्यावर ठेवून वर जायचा, आणि मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत वर गाणी आणि भांडण.

गाणी साधी नव्हती. त्याला ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे. विलायतेतल्या पाच-सहा मंडळ्या, त्यांचा सगळा बहर आठ-नऊ वर्षांचा. दोघांना ती गाणी पाठ होती. चांगलं काय यावर त्यांचं भांडण नव्हतंच. मधली तीन-चार वर्षं म्हणजे सोनं, हे दोघांनाही कबूल. भांडण होतं ते त्या बहरातलं सगळ्यांत कमजोर काय, यावर.

मी खाली अंगणात मिरच्या खुडत ऐकायचे. एका रविवारी मास्तर जिन्यावरून पाणी न्यायला खाली आला आणि माझ्याकडेच दाद मागायला लागला.

"काकू, पहा ना याले. शेवटच्या वर्षायले कमजोर म्हणून राहिला. अन् सुरुवातीची? सुरुवातीले त्या पोट्ट्यायले आपल्या हातात काय आहे थेच माहीत नव्हतं. चर्चमधली पेटी अन् दारूच्या गुत्त्यावरचं गाणं, दोन्ही एकाच गंजात शिजवलेलं."

वरून बँकवाला ओरडला, "अरे, पण त्यात भूक होती. शेवटी काय उरलं? रेडिओवर लागावं म्हणून चार मिनिटांत गुंडाळायचं. मंडळीतले दोघं सोडून गेलेले, राहिलेले पाट्या टाकतायत."

"तू बँकेत बसतो, अन् दुसऱ्यायले म्हणतो पाट्या टाकतात?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण मास्तर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा. तुमाले इंग्रजी समजत नाही, म्हणजे तुमी कोणाच्याच बाजूच्या नाही."

मी सूप उचललं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. खोलीत गेले असते तर मिरचीने दोघं शिंकले असते. मी म्हणाले, "मले विचारशीन तर मधले सगळ्यांत खराब. रेकॉर्डीच्या एका बाजूले एकच गाणं, अन् थे बी दमा झालेल्या म्हाताऱ्यावानी चालते. कुठी जायचं, त्याचं त्यालेच माहीत नाही."

मग बँकवाला म्हणाला, "काकू, ते सोनं आहे."

"सोनं असन. मले पितळ ऐकू येते."

हे मी खरं तेच बोलले होते. तसंच मला ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून त्यांचं आपसातलं भांडण मागे पडलं आणि दोघं मिळून माझ्याशी भांडायला लागले. दर रविवारी जेवणं झाली की मला वर बोलवायचे आणि मधल्या वर्षांची एक रेकॉर्ड लावायचे. बँकवाला शब्दांचा अर्थ मराठीत सांगायचा. मास्तर बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर बोटं वाजवून दाखवायचा, हे पहा काकू, इथं सात मोजायचे, इथं आठ, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. मी ऐकायचे आणि म्हणायचे, नाही जमत बाबा. मास्तर कपाळाला हात लावायचा. "हे बाई भिंत आहे गा, भिंत." मग चहा. मी काय म्हणते याची दोन शिकलेली माणसं वाट बघत बसायची. माझ्या आयुष्यात असं आधी कधी झालं नव्हतं. आठवड्यातले सहा दिवस मी रविवारचं उत्तर मनात जुळवत काढायचे.

असा उन्हाळा गेला. पावसाळा लागून बरेच दिवस झाले, गारवा आला, लोकांनी कूलर बंद केले. आषाढ सरत आला होता तेव्हाचा एक रविवार. त्यांनी तीच रेकॉर्ड लावली, आणि मला आधी वाटलं, ही दुसरीच आहे. जिथे आवाज दर वेळी खाली ओघळायचा, तिथे तो चढला आणि वरच थांबला. ढोल नीट पावलं टाकत होता. मध्ये सगळं थांबून एकटी बासरी वाजते, ती मला नेहमी रडकी वाटायची. त्या दिवशी ती रडत नव्हती. ती एकटीच होती, पण तिची कुठे काही तक्रार नव्हती. मग हळूहळू बाकीचे परत आले. माझा हात सुपात तसाच राहिला.

खोलीतल्या दिव्याकडे नजर गेली आणि मला उलगडा झाला. दिवा पांढरा लख्ख जळत होता. आमच्या भागात पावलोपावली दवाखाने. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्यांचे कूलर आणि पंखे एकदम चालले की व्होल्टेज पडायचं, दिवे पिवळे व्हायचे. तेव्हा गिरणीवाला माझं तिखट दळायचा नाही. काकू, जाडं निघन, म्हणायचा. गिरणी मंदावते हे मला ठाऊक होतं, पण तसाच तो रेकॉर्ड प्लेअरही हळू फिरत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. ते दोघं सकाळी पहिल्या वर्षांच्या रेकॉर्डी लावायचे, संध्याकाळी शेवटच्या, आणि मधल्या नेमक्या भरदुपारी. मी चार महिने पडलेलं व्होल्टेज ऐकून गाण्याला नावं ठेवत होते. त्या दोघांना ते जाणवलं नव्हतं, कारण गाणं पाठ असलेला माणूस बाहेरचं कमी ऐकतो.

"बोला काकू," बँकवाला म्हणाला.

चांगलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की ते जिंकले. जिंकले की हसतील, टाळी देतील, आणि पुन्हा आपल्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षांकडे वळतील. त्या भांडणात माझं काही काम नव्हतं. मी खाली अंगणात. हा सगळा हिशेब एका क्षणात झाला.

मी म्हणाले, "तसंच आहे. काही फरक नाही."

माहेरच्या मिरचीबद्दल कधी खोटं बोलले नाही, आणि इथे बोलले.

वाटलं होतं, याने भांडण चालू राहील. झालं उलटं. माझ्या शब्दाला त्या घरात किती वजन आलं होतं, ते मला कळलं नव्हतं. पोळा झाला, गणपती झाले, आणि मास्तर डळमळायला लागला. एकदा मी जिन्यात असताना तो आत म्हणत होता, "ज्या बाईनं गिऱ्हाइकापुढं माहेरच्या मालाले खराब म्हटलं, थे बाई आपल्याशी काहून खोटं बोलन? तिले शब्द समजत नाहीत. ती नुसता सूर ऐकून राहिली. आपणच भुललो असू तर?"

बँकवाला आधी चिडला. मग पुढच्या रविवारी त्यानेच ती रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून ऐकली. संपल्यावर म्हणाला, "बासरीनंतर खरंच ताणलंय. अर्ध्यात आटोपलं असतं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. दिवाळीनंतर एके दिवशी तो ऑफिसातून आला तो ओट्यावरच थांबला आणि मला आनंदाने सांगायला लागला. जबलपूरच्या एका शौकिनाशी पत्रव्यवहार होता, त्याला मधल्या वर्षांच्या तिन्ही रेकॉर्डी पाठवून बदल्यात त्याच्याकडच्या दुसऱ्या दोन मागवल्या. "तुमच्यामुळे कान उघडले, काकू."

आता तिघांचं मत एक झालं होतं, मधली वर्षं सगळ्यांत कमजोर. एक मत झालेल्या माणसांना रविवारी भेटायचं कारण राहत नाही. मास्तर एक रविवार आड यायला लागला. मग शाळेत परीक्षा निघाल्या. मग वांगीही बंद झाली. बँकवाला रविवारी उशिरा उठायचा आणि सिनेमाला जायचा. घर पुन्हा होतं तसं झालं, फक्त आता ते तसं आहे हे मला कळत होतं.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी आपण होऊन वर गेले. तो शर्टांना इस्त्री करत होता.

"मी खोटं बोलली," मी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"त्या गाण्याबद्दल. चांगलं आहे थे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडत होतं म्हणून मले खराब लागलं. पावसाळ्यात नीट ऐकू आलं, तवाच समजलं होतं."

"पावसाळ्यापासून?"

"आषाढापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी दोघं मले बोलवत होते म्हणून."

त्याने कॉलर उलटी केली, नीट दाबून इस्त्री फिरवली आणि शर्ट बाजूला ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"त्या रेकॉर्डी जबलपूरला गेल्या, काकू."

"परत मागून घे."

"तसं करत नाहीत. आणि मागवून तरी काय? मला आता त्या पहिल्यासारख्या ऐकू येणार नाहीत. तिथे ताणलंय ते मला सापडलंय."

"अरे, थे ताणलेलं नाही. थे व्होल्टेज होतं."

"नाही. मी दिवाळीच्या आधी ऐकलं तेव्हा व्होल्टेज पुरेपूर होतं. तिथे खरंच ताणलंय."

मी खाली आले. त्याने मास्तराला काय कळवलं, मला ठाऊक नाही. मास्तर पुन्हा आला तो एकदाच, गुढीपाडव्याच्या आधी. बरोबर वांगी नव्हती. अंगणात उभं राहूनच बोलला. "काकू, शाळेत पोरायनं एकमेकाचं पाहून लिहिलं तर मी त्यायले वर्गाबाहेर काढतो. अन् इथं मीच तुमचं पाहून लिहिलं." त्याच्या आवाजात राग होता, पण माझ्यावर किती आणि स्वतःवर किती, ते कळलं नाही. मी बस म्हटलं. तो बसला नाही. उन्हाळ्यात बँकवाल्याची बदली झाली. खोकी त्याने स्वतःच खाली उतरवली.

त्यानंतर वरची खोली मी दवाखान्यात येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना देते. कोणी चार दिवस राहतं, कोणी पंधरा. बुलढाण्याचे, चंद्रपूरचे, गोंदियाचे. ती माणसं हळू बोलतात, आपसात भांडत नाहीत, आणि मला काही विचारत नाहीत.

त्या बासरीनंतर ताणलंय की नाही, याचा मी पुष्कळदा विचार केला. मला ते ताणलेलं वाटलं नव्हतं. पण मी ते नीट एकदाच ऐकलं. नंतर ऐकलं तेव्हा खोटं कसं टिकवायचं याकडे लक्ष होतं. खरी कमजोर वर्षं पहिली की शेवटची, तेही मला सांगता येणार नाही. त्या रेकॉर्डी मी कधी ऐकल्याच नाहीत. त्या वाजायच्या तेव्हा ते दोघं बोलत असायचे, आणि मी त्यांचं बोलणं ऐकत असायचे.