हवा मी बघितली हाय

नागोराव मिस्त्री पंप कानानं बघायचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर पंपाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. हात वर गेला की गाडीवानांनी बैलांनासुद्धा हाकायचं नाही, असा बोरीच्या रस्त्यावरच्या आमच्या जिनिंग कारखान्याचा अलिखित कायदा होता. खुद्द शेठ तेवढ्यापुरते कुजबुजत बोलायचे. मिनिटभरानं मिस्त्री डोळे उघडायचे आणि सांगायचे, "चामडं गेलंय. दुसऱ्या नंबरचं." पंप खोलला की दट्ट्याभोवतीचं दुसऱ्या नंबरचंच चामडं फाटलेलं निघायचं.

सरकी काढलेली रुई लोखंडी पेटीत भरायची आणि खालून तेलाच्या दाबानं वर येणाऱ्या जाड दांड्यानं ती दाबून गाठ बांधायची, हे प्रेसचं काम. त्या दांड्याला दाब देणारा पंप म्हणजे कारखान्याचा जीव. तो बसला की फाटकापासून सडकेपर्यंत कापसाच्या गाड्या लागायच्या आणि शेठचं तोंड बघवत नसे.

मी झरीचा. फिटरचा कोर्स करून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. आमच्या घरात यंत्राला हात लावणारा मी पहिलाच. कारखान्यात पाण्याचे दोन माठ होते आणि त्यातला आमचा कोणता, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. पहिल्याच दुपारी मिस्त्री उठले, सगळ्यांच्या देखत आमच्या माठातून पेला भरला आणि घटाघटा प्यायले. वर म्हणाले, "ह्यो माठ जास्त गार हाय की रे! आमाला कुणी सांगितलंच न्हाई." मग माझ्या फडक्यातला ठेचा बोटावर घेऊन चाटला. "लय झ्याक. आक्काला सांग, भाऊनं मागितलाय म्हणून." आक्का म्हणजे माझी आई. तेव्हापासून ते आईचे भाऊ झाले आणि माझे मामा. मी त्यांना चार हंगाम मामा म्हणत होतो. आता लिहिताना मिस्त्रीच म्हणतो.

शिकवणं मात्र हात राखून नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. "तेल, हवा, चामडं," ते सांगायचे. "ह्याच वळीनं जायचं. आधी टाकीत तेल बघ, मग हवा कुठून शिरायलीय ते बघ, आन् सगळ्यात शेवटी पंप खोल. खोलायला काय, गाढवबी खोलंल." पंपाच्या पुढच्या बाजूला, दाबाकडं, सांधा सुटला तर तेल बाहेर उडतं, आंधळ्यालाही कळतं. मागच्या बाजूला, जिथून पंप टाकीतलं तेल ओढतो, तिथं सांधा सुटला तर बाहेर एक थेंब येत नाही. हवा गुपचूप आत जाते. पंप खडखडायला लागतो, टाकीत फेस येतो, दांडा अर्ध्यावर येऊन थरथरतो. म्हणून त्या सांध्यावर सफेदा, म्हणजे तेलात कालवलेली पांढरी लुकण, लावून सूत गुंडाळायचं आणि नट आवळायचा. हे सगळं त्यांनी माझा हात हातात धरून शिकवलं. "तसल्लीनं," म्हणायचे, "घाई केलास की सूत कापतंय."

आणखी एक रीत होती, ती कुणी शिकवली नाही, अंगातच मुरली. उस्तादानं बघितलेली गोष्ट शागिर्दानं परत बघायची नाही. मिस्त्री म्हणाले "ह्यो नट मी आवळलाय," की त्या नटाला पाना लावणं म्हणजे भरल्या ताटावरून त्यांना उठवल्यासारखं. एकदा एका नव्या फिटरनं तसं केलं, तर मिस्त्री दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला ती रीत आवडायची. आपल्या माणसाचा शब्द पुरेसा असणं, यात मला मोठं सुख वाटायचं.

चौथ्या हंगामात शेठनं मला बोलावलं. "चार दिवस प्रेस तू एकट्यानं चालव. मिस्त्री हात लावणार नाहीत. जमलं तर कायम करतो." माझी आई झरीच्या शिवारात रोजानं कापूस वेचायची. बोंडांनी तिची बोटं चिरलेली असायची. मी कायम झालो की वेचणी बंद, असं मी तिला केव्हाच सांगून बसलो होतो. मिस्त्रींनीही घरी येऊन तिला शब्द दिला होता, "आक्का, पुढल्या साली तू वावरात दिसायची न्हाईस."

सोमवारी मी मागच्या सांध्याचं सूत नव्यानं गुंडाळलं, सफेदा लावला, नट आवळला. मंगळवारी आणि बुधवारी प्रेस घड्याळासारखी चालली. गुरुवारी सकाळी गेलो तेव्हा मिस्त्री माझ्या आधीच येऊन स्टुलावर बसले होते. पंप चालू केला आणि तो खडखडायला लागला. दांडा अर्ध्यावर येऊन थरथरला. टाकीचं झाकण उघडलं तर पांढरा फेस.

"मामा, हवा वाटायलीय."

"हवा मी बघितली हाय," मिस्त्री म्हणाले. "सकाळीच आलो तवा. फेस जुन्या तेलाचा हाय. चामडं खोल."

मी खोललं. चामडं खोलणं म्हणजे दीड दिवसाचं काम, कारण नवं चामडं रात्रभर एरंडेलात भिजवावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी हात धुतले. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात पांढरं काहीतरी होतं. ते तंबाखू खायचे, मला वाटलं चुना असेल. चुना पाण्यानं निघतो, आणि हे निघालं नव्हतं. पण तेवढा विचार मी केला नाही. त्या दुपारी त्यांनी आईचा ठेचाही खाल्ला.

शुक्रवारी दुपारी नवं चामडं बसवून पंप चालू केला. तीच खडखड. सडकेवर गाड्यांची रांग लागलेली, गाडीवान शिव्या घालत होते. शेठ येऊन उभे राहिले. "मिस्त्री, आता तुम्हीच बघा."

मिस्त्री उठले. स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, डावा हात वर केला. सगळं आवार गप्प झालं. मग त्यांनी मागच्या सांध्यावर तेलाची धार सोडली. तेलानं फट बुजली आणि खडखड क्षणभर थांबली. त्यांनी पंप बंद करायला लावून नट सोडला, तर आट्यांवर सूत नव्हतं. सोमवारी मी माझ्या हातानं गुंडाळलेलं सूत नव्हतं. एक तुकडा तेवढा राहिला होता, ब्लेडनं कापल्यासारखा सरळ. मी त्यांच्या अंगठ्याकडं पाहिलं. नखातलं पांढरं अजून तिथंच होतं.

दहा मिनिटांत त्यांनी नवं सूत गुंडाळून सफेदा लावला. दांडा मऊसूत वर गेला. मिस्त्री हात पुसत शेठना म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पर हवा बघायचं इसरलं."

मी बोललो नाही. शेठपुढं उस्तादाला खोटं पाडायचं नाही, हीसुद्धा त्याच रीतीतली गोष्ट. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. त्यांच्यापेक्षा मला माझाच राग येतो. चार माणसांदेखत तोंड उघडता आलं असतं.

मला कायम केलं नाही. हंगाम संपण्याआधीच घरी बसवलं. आई आणखी तीन वर्षं कापूस वेचत राहिली. तिला मी खरं सांगू शकलो नाही. पुढं येलदरीला धरणावर पंपांच्या कामाला लागलो तेव्हा ती म्हणायची, "भाऊनं शिकवलं म्हणून लागलास. आन् तू मेल्या, त्याला भेटायबी जाईनास."

दशक सरता सरता मिस्त्री अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा तिनंच ठेच्याची पुरचुंडी देऊन मला बळंच पाठवलं. ते खाटेवर होते, अंगात काही उरलं नव्हतं.

"कसं हाय, मिस्त्री?"

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "मामा म्हणायचास." त्यांनी पुरचुंडी हुंगली. "आक्काला सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

"शेठ मला म्हणला व्हता, पोरगं चालवायलंय तर तुमी आता घरी बसा. घरी बसून मी काय ऐकू, पल्लाद?" मला वाटलं, आता 'चुकलो' हा एक शब्द येईल. त्याच्यासाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. ते म्हणाले, "मला वाटलं व्हतं, तू परत बघशील."

"तुमी बघितलं म्हणलात."

"म्हणलो. पर टाकीत फेस तुला दिसला व्हता."

म्हणजे अजून शिकवतच होते! माझ्या विश्वासाचा त्यांनी गळा कापला आणि वर चूक माझीच ठरवली. मी उठलो. पाया पडलो नाही. दारातून वळून पाहिलं, तर पुरचुंडी सोडून ते ठेचा बोटावर घेत होते.

पंधरवड्यानं ते गेले. मातीला आई गेली, मी ड्यूटीचं कारण सांगितलं. मला घरी बसण्याची भीती काय असते ते आता कळतं, तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. तेल, हवा, चामडं ही त्यांची वळ मात्र सोडता आली नाही. पंप बिघडला की मी तेल एकदा बघतो, चामडं एकदा बघतो. हवा दोनदा बघतो. पहिल्या वेळी मीच बघितलेली असली, तरी.